नेमका प्रश्न, निम्मा उपचार

या सदराला येणाऱ्या पत्रांत एक तक्रार अधूनमधून असतेच. भावाला, बहिणीला किंवा मुलाला समुपदेशनासाठी नेले. तिथल्या बाई पाऊण तास नुसते प्रश्नच विचारत होत्या. चार समजुतीच्या गोष्टी सांगतील असे वाटले होते, तर तेही नाही. मग एवढ्या लांब जाऊन उपयोग काय झाला? तक्रार कोणालाही रास्त वाटावी अशी आहे. डॉक्टर तपासतात आणि चिठ्ठी लिहून देतात. वकील कायदा सांगतो, ज्योतिषी तोडगा सांगतो. मग समुपदेशकानेच नुसते विचारत का बसावे?

गेली अनेक वर्षे मी जिल्ह्याच्या गावी हेच काम करते, त्यामुळे उत्तर देणे माझे कर्तव्य ठरते. माझे मत सुरुवातीलाच सांगते. थोड्या भेटींत करायच्या बोलण्याच्या उपचारात प्रश्न म्हणजे उपचाराआधीची चौकशी नव्हे. नीट विचारलेला प्रश्न हाच उपचाराचा मोठा भाग असतो. पण 'नीट विचारलेला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे समुपदेशनाच्या नावाखाली एक तर उपदेश होतो, नाही तर उलटतपासणी. या दोन्हींनी रुग्ण बरा होत नाही.

थोड्या भेटी, मोठे काम

मानसोपचार म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला प्रसंग येतो. रुग्ण कोचावर आडवा पडून लहानपणच्या आठवणी सांगतो आहे आणि हे वर्षानुवर्षे चालले आहे. आमच्याकडे येणारा माणूस सकाळची पहिली एस.टी. पकडून आलेला असतो. त्याचा दिवसाचा रोजगार बुडालेला असतो, बरोबर आलेल्या माणसाचाही बुडालेला असतो आणि दोघांना संध्याकाळची गाडी गाठायची असते. असा माणूस तीन वेळा येईल, फार तर सहा वेळा. या भेटींत त्याला काहीतरी हाती लागले पाहिजे.

अशा मर्यादित भेटींच्या उपचाराची शास्त्रशुद्ध मांडणी आधी अमेरिकेत झाली. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे १९६० च्या दशकात काही मानसोपचारतज्ज्ञांनी दहा भेटींच्या मर्यादेत काय साधते, हे पाहण्यास सुरुवात केली. पुढे १९७८ साली मिलवॉकी शहरात स्टीव्ह डी शेझर आणि त्यांच्या कोरियात जन्मलेल्या पत्नी इन्सू किम बर्ग यांनी सहकाऱ्यांसह एक केंद्र सुरू केले. अडचणीची मुळे खणत बसण्यापेक्षा, अडचण कमी असते तेव्हा माणूस वेगळे काय करतो हे शोधावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी विशिष्ट प्रकारचे प्रश्न घडविले. आज जगभर हे प्रश्न वापरले जातात.

प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी त्यांना आधी वर्षभर आश्रमात राहायला सांगतात आणि मग हवे ते विचारा म्हणतात. विचारणारा आणि ऐकणारा यांचे नाते आधी जुळावे लागते, हे यातले मर्म. आमच्या हाती वर्ष नसते, चाळीस मिनिटे असतात. म्हणून प्रत्येक प्रश्न जपून वापरावा लागतो.

'का' हा शब्द जपून वापरा

'का पितोस?' 'का रडतेस?' 'अभ्यास का करीत नाहीस?' हे प्रश्न रुग्णाला घरी शंभरदा विचारून झालेले असतात. आपल्या भाषेत 'का' या शब्दाला दटावणीचा सूर चिकटलेला आहे. मास्तर विचारतात, साहेब विचारतात, सासूबाई विचारतात. त्यामुळे 'का' ऐकले की माणूस खरे कारण शोधत नाही, सबब शोधतो. शिवाय उदास माणसाला आपण उदास का आहोत हे बहुधा ठाऊकच नसते. ठाऊक असते तर तो आपल्याकडे कशाला आला असता?

'काय', 'केव्हा', 'कसे', 'कोणाच्या लक्षात आले' हे शब्द मवाळ आहेत. 'झोप का लागत नाही?' याऐवजी 'अंथरुणावर पडल्यावर मनात काय काय येतं?' असे विचारून पाहा. उत्तराची जात बदलते.

दुसरी अडचण 'हो-नाही'च्या प्रश्नांची. 'आता बरं वाटतंय ना?' असे विचारले की आपली माणसे 'हो' म्हणतात. बाईंना वाईट वाटू नये म्हणून म्हणतात. या 'हो'वर विसंबून पुढचा उपचार ठरवता येत नाही.

आणि एक खास आपल्याकडचा पेच. सुनेला प्रश्न विचारला की उत्तर सासू देते, मुलाला विचारला की वडील देतात. म्हणून घरच्यांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे आणि मग त्यांना बाहेर बसायची विनंती करावी. काही प्रश्नांची खरी उत्तरे दार लोटल्यानंतरच येतात.

उपयोगी पडणारे पाच प्रश्न

पहिला प्रश्न फेरीचा. 'आज इथून घरी जाताना काय झालेलं असलं, म्हणजे तुमची फेरी वाया गेली नाही असं वाटेल?' या एका प्रश्नाने उपचाराची दिशा ठरते. घरच्यांनी 'याचे वागणे सुधारा' म्हणून आणलेला बारावीचा मुलगा यावर म्हणतो, 'बाबांनी शेजारच्या मुलाचं नाव घेणं बंद केलं पाहिजे.' घरच्यांचे उद्दिष्ट वेगळे आणि त्याचे वेगळे. त्याच्या उद्दिष्टापासून सुरुवात केली तर तो पुढच्या वेळी स्वतःहून येतो.

दुसरा प्रश्न अपवादाचा. उदास माणूस 'सगळेच दिवस वाईट' असे सांगतो आणि त्याला ते खरेच तसे वाटत असते. त्याच्याशी वाद घालू नये. एका बाईंशी झालेला संवाद ओळख पटणार नाही अशा बेताने देते.

'मावशी, गेल्या आठवड्यात त्यातल्या त्यात कमी वाईट दिवस कोणता गेला?'

बऱ्याच वेळाने, 'सोमवार असेल. बाजाराचा दिवस.'

'त्या दिवशी काय वेगळं होतं?'

'काही नाही. शेजारीण म्हणाली चल, म्हणून पायीच गेलो. येताना रसवंतीवर बसलो जरा.'

'घरी आल्यावर?'

'भूक लागली होती. भाकरी पोटभर खाल्ली.'

चालणे, सोबत आणि भूक ही उदासपणावरची औषधयोजना त्या बाईंनी स्वतःच सांगितली. मी 'रोज फिरायला जा' म्हटले असते, तर त्यांनी मान डोलावली असती आणि गेल्या नसत्या. स्वतःच्या आठवड्यातून निघालेली गोष्ट मात्र त्यांना पटली. पुढचा प्रश्न एवढाच होता, 'सोमवारखेरीज आणखी एखाद्या दिवशी असं जमेल का, आणि कोणाबरोबर?'

तिसरा प्रश्न मिलवॉकीचा सर्वांत प्रसिद्ध, चमत्काराचा प्रश्न. रात्री तुम्ही झोपेत असताना चमत्कार झाला आणि अडचण मिटली, तर सकाळी तुम्हाला ते कशावरून कळेल, असा तो आहे. आपल्याकडे तो जसाच्या तसा विचारू नये असे माझे मत आहे. 'चमत्कार' म्हटले की माणसाला नवस, अंगारा आणि बुवा आठवतात आणि बोलणे भलतीकडे जाते. मी एवढेच म्हणते, 'समजा, उद्या सकाळी उठलात आणि हा त्रास गेलेला आहे. पण कोणी तुम्हाला सांगितलेलं नाही. तुमच्या लक्षात कशावरून येईल? घरात सगळ्यांत आधी कोण ओळखेल?' शेवटचा प्रश्न आपल्या भरल्या घरांत फार चालतो. आधी मोठी उत्तरे येतात, 'कर्ज फिटलेलं असेल', 'नवरा सुधारलेला असेल'. ती ऐकून घ्यावीत आणि पुढे विचारावे, 'मग त्या सकाळी तुम्ही स्वतः काय वेगळं कराल?' हळूहळू लहान उत्तरे येतात. 'चहा घेऊन सगळ्यांबरोबर ओट्यावर बसेन.' ओट्यावर बसण्यासाठी कर्ज फिटण्याची वाट पाहावी लागत नाही. तेवढे या आठवड्यात करता येते.

चौथा प्रश्न मापाचा. पाश्चात्त्य पुस्तकांत 'शून्य ते दहा' अशी पट्टी देतात. आपल्या जुन्या पिढीला ही पट्टी शिकवावी लागत नाही. गोळ्या घेऊन आलेला म्हातारा आपणहून सांगतो, 'आठ आणे फरक हाय.' म्हणून मीही वडीलधाऱ्यांना 'रुपयात किती आणे?' असेच विचारते. तरुणांना आणे कळत नाहीत, त्यांना दहापैकी किती ते विचारावे.

या मापाचा खरा उपयोग आकडा मिळाल्यानंतर असतो. दारूच्या व्यसनाचे उदाहरण घेऊ. बायको आणि मेहुणा यांनी धरून आणलेला एक गृहस्थ. 'दारू कमी करणं तुम्हाला स्वतःला रुपयात किती आणे महत्त्वाचं वाटतं?' तो म्हणाला, 'चार आणे.' आता 'बारा आणे का नाही?' असे विचारले की तो न सोडण्याची कारणे मोजू लागेल. उलट विचारले, 'चार तरी का? एकच आणा का नाही?' तो गप्प राहिला. मग म्हणाला, 'पोरगी दहावीला आहे. मी घरी येईपर्यंत पुस्तक मिटून दारात बसून राहते.' सोडण्याचे कारण त्याच्याच तोंडून आले. मघाशी ज्या 'का'ला मी नावे ठेवली, तो इथे मात्र कामाला येतो, कारण या 'का'त दोष काढलेला नसून माणसाच्या चांगल्या बाजूची विचारपूस असते. अमेरिकेतील विल्यम मिलर यांनी १९८३ साली व्यसनाधीन माणसांशी बोलण्याची जी पद्धत मांडली आणि पुढे ब्रिटनमधील स्टीफन रोलनिक यांच्यासह वाढविली, तिच्यात या युक्तीला मोठे स्थान आहे. आपण सोडण्याची बाजू मांडली की समोरचा पिण्याची बाजू मांडतो, हा त्या पद्धतीचा पाया आहे. कोणत्याही घरातल्या भांडणात याचा पडताळा येईल.

(एक इशारा येथेच देते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर हात कापणे, भ्रम होणे, झटके येणे असे जिवावरचे त्रास होऊ शकतात. असा निर्धार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच अमलात आणावा.)

पाचवा प्रश्न निभावण्याचा. ज्याला कोणताच बरा दिवस आठवत नाही, ज्याचे माप एका आण्याच्या वर जात नाही, त्याला अपवाद विचारणे म्हणजे त्याचे दुःख नाकारणे होय. त्याला विचारावे, 'एवढं सगळं असताना तुम्ही आजवर कसे टिकून राहिलात?' हे कौतुक नाही आणि सांत्वनही नाही. यावर कोणी म्हणते, 'म्हशीची धार काढायची असते म्हणून उठते.' हा धागा बारीक असतो, पण तोच पकडून पुढे जायचे असते.

दोन प्रश्नांमधली जागा

हे पाच प्रश्न पाठ करून ओळीने विचारले, तर ती पोलीस चौकी होईल. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. विचारल्यावर थांबावे. आपल्याला शांततेची भीती वाटते आणि म्हणून आपण पाच सेकंदांत दुसरा प्रश्न टाकतो. खरे उत्तर बहुधा त्या सहाव्या-सातव्या सेकंदालाच यायचे असते.

उत्तर आल्यावर लगेच पुढे पळू नये. ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावे. 'म्हणजे मुलगी जागी असते, याचं तुम्हाला जास्त लागतं.' आपण बरोबर समजलो की नाही ते कळते, आणि समोरच्यालाही आपलेच बोलणे नव्याने ऐकू येते. एका प्रश्नामागे अशी दोन वाक्ये असावीत, असा मिलर-रोलनिक पद्धतीच्या शिक्षणातला एक साधा हिशोब आहे. तो पाळला तर पाऊण तासात प्रश्न थोडेच होतात आणि तेवढे पुरतात.

प्रश्नाच्या पोटात सल्ला लपवणे हाही एक सर्रास आढळणारा प्रकार. 'तुम्ही सासूबाईंशी गोडीने बोलून पाहिलंत का?' हा प्रश्न नसून उपदेश आहे, आणि ऐकणारीला ते बरोबर कळते.

जिथे प्रश्न थांबवावेत

आता मर्यादा. घरात माणूस गेलेला असताना कोणी 'उद्या सगळं ठीक झालं तर' असे विचारले, तर ते क्रौर्य आहे. तिथे फक्त बसावे आणि ऐकावे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'मार पडत नाही त्या दिवशी तुम्ही वेगळं काय करता?' असे कदापि विचारू नये. त्या प्रश्नात माराचा दोष तिच्याच पदरात घातला जातो. तिथे तिची सुरक्षितता, आसरा आणि कायदा या गोष्टी आधी येतात. तसेच सावकाराचा तगादा किंवा बुडालेले पीक हे मनाचे विकार नव्हेत. शेतकऱ्याला 'विचार बदला' एवढेच सांगणारे समुपदेशन मला मान्य नाही. आणि ज्याला कानात आवाज येतात, जो रात्र-रात्र झोपेशिवाय बडबडतो किंवा ज्याने अन्नपाणी सोडले आहे, त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्यात एक दिवसही घालवू नये. बोलणे औषधाच्या जोडीने चालावे, औषधाच्या जागी नाही.

जो प्रश्न टाळू नये

एक प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे आणि नेमका तोच आपण टाळतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केली आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. तरीही 'असं विचारलं तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात घातल्यासारखं होईल' हा समज सुशिक्षितांतही आहे. संशोधनाला या समजाचा आधार मिळालेला नाही. विचारल्याने धोका वाढत नाही. उलट अनेकांना हायसे वाटते, कारण एकट्याने वाहिलेले ओझे कोणीतरी ओळखलेले असते.

विचारावे सरळ, पण पायरीपायरीने. 'इतका त्रास झाला की काहींना जगणं नको वाटतं. तुम्हाला तसं कधी वाटलं का?' 'जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?' 'कसं करायचं, हेही ठरवलं आहे का?' 'नाही ना असा काही विचार?' असे कधीही विचारू नये. त्यात 'नाही' हे उत्तर आपणच देऊन टाकलेले असते. उत्तर 'हो' आले तर माणसाला एकटे सोडू नये, कीटकनाशक, दोर, गोळ्या हाताशी राहू देऊ नयेत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सरकारची 'टेली मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू आहे. तिच्यावर मराठीतही बोलता येते. पोलिसांच्या धाकाने प्रकरण लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे आणि तिच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

विचारायला कोण शिकवणार?

हे सारे मोठ्या पदवीधरांचेच काम आहे काय? शेजारच्या गोव्यातला अनुभव तसा नाही. तेथील 'संगाथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या दोन चाचण्या २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. मानसोपचाराची कोणतीही पूर्वीची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या, तर घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांना जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी पाहता, भेटी मिळालेल्या नैराश्याच्या रुग्णांपैकी ६४ टक्के रुग्ण त्या आजाराच्या मापाखाली आले होते. केंद्रातील नेहमीच्या उपचारांत थोडी सुधारणा करून तेवढेच मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. दारूच्या बाबतीत हे आकडे ३६ आणि २६ टक्के असे होते.

या प्रयोगातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित केल्या जात आणि समुपदेशक एकत्र बसून त्या ऐकत, एकमेकांना गुण देत. विचारणे ही हाताची कला आहे. कुंभारकामाप्रमाणे ती दुसऱ्याच्या नजरेखाली सरावानेच येते.

आपल्या जिल्ह्यांत ग्रामीण रुग्णालयांचे समुपदेशक आहेत, आशाताई आहेत, काही शाळांत समुपदेशक आहेत. यांच्या प्रशिक्षणात आजारांची लक्षणे शिकवली जातात, तक्ते भरायला शिकवले जातात. विचारायला किती शिकवले जाते? रुग्णाची संमती घेऊन महिन्यातून एक भेट मुद्रित करावी आणि चार सहकाऱ्यांनी ती ऐकावी. याला इमारत लागत नाही की मोठी तरतूद लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांनी एवढे जरी सुरू केले, तरी उपदेश आपोआप कमी होतील.

तक्रार करणाऱ्या वाचकांनाही एक सुचवते. पुढच्या वेळी भावाला समुपदेशनाहून परत आणताना 'बाईंनी काय सांगितलं?' असे विचारू नका. 'तुला आज काय सुचलं?' असे विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा. गाडी गावात पोहोचायला वेळ असतो.